गोंड्याचा वास

मस्कतच्या दार्सैत भागात आमच्या बिल्डिंगमध्ये राहणारे दत्ताराम परब माणसाला आधी हुंगतात आणि मग ओळख दाखवतात. लिफ्टमध्ये माझ्या कॉलरपाशी नाक आणून "काल बांगडे होते मा?" म्हणतात. होते, हे कबूल करावं लागतं. बांगडे तळले की बायको हल्ली माझे शर्ट दोनदा धुते.

या नाकाचं खापर ते आपल्या अर्बाबवर, म्हणजे जुन्या मालकांवर, फोडतात. ओमानमधल्याच खाबुरा गावी ते एका कापडव्यापाऱ्याचे ड्रायव्हर होते. ओमानी पुरुषांच्या पायघोळ डिशडाशाला गळ्याशी एक गोंडा असतो, तो अत्तरात बुडवायची इथली रीत. रोज सकाळी तो वास अंगणात आला की परब गाडीचं दार उघडून म्हणायचे, "इलंय, अर्बाब." ‘इलंय’ म्हणजे आलोय; मालकांना मालवणी कळायची ती एवढीच.

मालक वारले. मुलांनी त्यांचा एक डिशडाशा मस्कतमधल्या म्युझियमला दिला. पुढे तिथल्या कपड्यांबद्दल लोकांना काय वाटतं ते ऐकायला म्युझियमने आम्हा काही भारतीय रहिवाशांना बोलावलं. आम्ही विणकामाचं, रंगांचं कौतुक करत होतो. परब मात्र काचेला नाक लावून उभे.

"कपडो असा, पण वास खंय? वास खलास, माणूस खलास," म्हणत त्यांनी खिशातून अत्तराची कुपी काढली आणि हिंदीत फर्मावलं, जरा कपाट उघडा.

तिथल्या ओमानी बाई हसल्या. अत्तराने जुना धागा खराब होतो, असं त्यांनीही हिंदीतच समजावलं. परबांचं तोंड एवढंसं झालं. हिंदी विसरून ते माझ्याकडे वळले.

"पयल्या दिसाक मी गाडीत बसान रडत होतंय. अर्बाबान आपलो गोंडो माझ्या कॉलरीर घासल्यान. सांगल्यान, यल्ला, चल, आता तू आमच्या घरचो."

मी ते बाईंना हिंदीत सांगितलं. मग त्यांनी कुपी मागून घेतली.

पुढच्या खेपेला गेलो तर काचेशेजारी झाकणाची एक छोटी बरणी. आत अत्तराचा कापूस. झाकण उचलून वास घ्या, अशी पाटी. त्या बाईंचे आभार कसे मानावेत, मला कळेना. आपल्या माणसाचं इतकं कोण ऐकतं?

परब गर्दी ओसरेपर्यंत मागेच थांबले. मग पँटला हात पुसून त्यांनी झाकण उचललं. वास घेतला, ताठ झाले, गळ्याचं बटण लावलं.

"इलंय, अर्बाब," ते हळूच म्हणाले.