मनीषनगरचा बडग्या

सुशीलनं ठरवलं ते एवढंच, की आज कार काढायची नाही. (माणसाची वाट लागायला याहून मोठं काही ठरवावं लागत नाही.)

कार खाली उभी होती. पण सुशील रॉटरडॅमहून बायको-मुलीसह नागपुरात राहायला आला, तेव्हा सामानाच्या कंटेनरमधून त्यानं एक सायकलही आणली होती. सायकल म्हणजे आपण म्हणतो तशी नव्हे. मागं एक चाक, पुढं दोन, आणि त्या दोन्हींवर बसवलेलं भलं थोरलं लाकडी खोकं. तिकडं लोक त्या खोक्यात पोरं, किराणा आणि प्रसंगी कुत्रं घालून गावभर हिंडतात. गाडी बॅटरीवर चालते, पायडल मारायचं ते मनाच्या समाधानासाठी. मनीषनगरच्या त्यांच्या सोसायटीत ही गाडी पहिल्यांदा शिरली, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या कांताबाईंनी गॅलरीतून भेंडी ताजी आहे का म्हणून विचारलं. भेंडी नाही हे कळल्यावर ‘मंग काहून फिरून राहिला गा उन्हातान्हाचा?’ असं म्हणून त्या आत गेल्या. त्या प्रश्नाचं उत्तर सुशीलला अजून सापडलेलं नव्हतं.

सुशील मूळचा सावनेरचा. इंजिनिअरिंगला नागपूरच्या होस्टेलात राहिला, तेवढ्या भांडवलावर तो तिकडं परदेशात इतकी वर्षं ‘नागपूरचा माणूस’ म्हणून मिरवला होता. मिनल नाशिकची. लग्न झाल्यापासून तिनं नागपूरची इतकी वर्णनं ऐकली होती, की प्रत्यक्ष गाव बघितल्यावर तिला ते थोडं लहान वाटलं. तिची तक्रार काही नव्हती. तक्रार असती तर सुशीलनं ती सोडवली असती. ती नुसती गप्प असायची, आणि कुणी ‘काय म्हणते नागपूर?’ असं विचारलं की ‘छान आहे’ म्हणायची. हे ‘छान आहे’ ती दाताच्या डॉक्टरांनाही म्हणायची.

अशात तिच्या कंपनीनं तिला पुण्याच्या ऑफिसात मोठी जागा देऊ केली. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. ‘हो’ म्हटलं तर ती आणि सहा वर्षांची हिमानी पुण्यात, सुशील इथं मिहानच्या ऑफिसात, आणि दर शुक्रवारी रात्रीची गाडी. मिनल भांडली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, की शनिवारी तू मला तुझं गाव दाखव. या गावात आपलं कुणी आहे असं वाटलं तर राहीन, नाहीतर सोमवारी हो म्हणून टाकीन.

शनिवारी तान्हा पोळा होता. म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, पोरांनी लाकडी बैल सजवून मिरवायचा. संध्याकाळी सोसायटीतली सगळी पोरं बैल घेऊन खाली उतरणार होती आणि हिमानीकडे बैल नव्हता. सुशीलला यात ईश्वरी योजना दिसली. इतवारीच्या बाजारात जायचं, बैल घ्यायचा, आणि जाता-येता मिनलला जुनं नागपूर दाखवायचं. तेही काचा वर केलेल्या कारमधून नाही, रॉटरडॅमसारखं मोकळ्या हवेत.

नागपुरातल्याच नंदनवन भागात त्याचे शालिकराममामा राहत. निघण्याआधी त्यांना फोन केला, तर मामा म्हणाले, आज इतवारीत जाऊ नोको, आज मारबत हाये. सुशील म्हणाला, माहीत आहे मामा. (माहीत नव्हतं. पोळ्याच्या सुट्टीत तो दर वर्षी सावनेरला पळायचा, त्यामुळे नागपुरातली मारबत त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. सकाळी पूजाबिजा होऊन आटपत असेल, असा त्याचा समज. पण बायको शेजारी उभी असताना नागपूरच्या माणसानं ‘म्हणजे काय?’ असं कसं विचारावं?)

मग तो तयार झाला. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना काळा गॉगल, नाकातोंडाला धुळीचा मास्क, उघड्या राहिलेल्या कपाळावर उन्हाचं पांढरं क्रीम, हातमोजे, आणि अंगात झगझगीत पोपटी जाकीट. गाडीच्या मागं त्यानं स्वतःच्या अक्षरात रंगवलेली पाटी होतीच : ‘कृपया दीड मीटर अंतर ठेवा’. हिमानी खोक्यात बसली. मिनलही खोक्यातच बसली, कारण दुसरी जागाच नव्हती. तिनं छत्री उघडली आणि डोळे मिटून घेतले.

सीताबर्डीपर्यंत तीनदा लोकांनी थांबवून कुल्फी मागितली. बाकी प्रवास सुखाचा झाला. गांधीबागेजवळ मात्र रस्त्यावर आडवे बांबू बांधलेले दिसले. पलीकडे एकही मोटार नव्हती, स्कूटर नव्हती, रिक्षा नव्हती, नुसती माणसं चालत होती. सुशीलनं ब्रेक दाबला आणि त्याचा ऊर भरून आला. त्यानं मिनलला सांगितलं, की हे बघ, लोक म्हणतात ना इथं काही बदलत नाही, अख्खा भाग वाहनमुक्त केलाय. रॉटरडॅमला वर्षातून एक रविवार असतो, अगदी तस्सा.

मिनल म्हणाली, “इतके लोक डोक्याला पट्ट्या बांधून आलेत वाहनमुक्तीला?”

तेवढ्यात शिट्टी वाजली. गळ्यात बिल्ला घातलेला एक जाडजूड इसम पुढं आला. सुशीलचा तिकडचा एक संस्कार असा, की छातीवर बिल्ला आणि तोंडात शिट्टी असलेल्या माणसाचं ऐकायचं. गोविंदा नावाच्या त्या स्वयंसेवकानं गाडीभोवती एक चक्कर मारली, पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याच्या चेहऱ्यावर आदर उमटला.

“कोणतं मंडळ गा भाऊ?”

“आम्ही मनीषनगरहून आलोय.”

“मनीषनगर? पयल्यांदाच उतरलं वाटते यंदा.” गोविंदानं बांबू उचलला. “या, या. लाइनमंदी घ्या. समोरच्याले धक्का नोको.”

सुशीलनं त्याचे आभार मानले आणि गाडी लाइनीत घातली. पुढं एक ताडमाड कागदी राक्षस चालला होता, त्याच्या पोटावर ‘खड्डे’ असं लिहिलेलं. मागून दुसरा येत होता, त्याच्या हातात लायटीचं बिल. ढोल वाजत होते, गच्च्यांवर, ओट्यांवर, गॅलऱ्यांत माणसांची रेटारेटी होती, आणि सुशीलची गाडी दिसताच लोक टाळ्या पिटू लागले. सुशीलनं हात हलवला. त्यानं मनाशी म्हटलं, पर्यावरणाबद्दल एवढी जागृती आपल्याला ॲमस्टरडॅमलाही दिसली नाही.

आता वाचकांपैकी कुणी नागपूरबाहेरचे असतील तर त्यांच्यासाठी. मारबत हा पूजेचा पुतळा. तिच्यासोबत निघतात ते बडगे. गावाला जे जे छळतं, महागाई, रोगराई, भ्रष्ट पुढारी, त्या त्या पीडेचा एकेक पुतळा करायचा, अंगावर पाट्या लटकवायच्या, गावातून वाजतगाजत फिरवायचा, आणि शेवटी जाळून टाकायचा. वाटेत लोक ओरडून सांगतात, अमुक पीडा घेऊन जा गे मारबत. थोडक्यात, त्या लाइनीत चाललेली प्रत्येक वस्तू लोकांना गावातून हाकलायची होती.

हे सगळ्यांत आधी मिनलच्या ध्यानात आलं, कारण गोविंदा माइक घेऊन खोक्याजवळ आला आणि त्यानं वाकून विचारलं, “बाई, हा बडग्या कायचा हाये?”

“हे माझे मिस्टर आहेत.”

“हो, ते झालं. पण कायचा हाये? लोकायले सांगा लागते ना.”

मिनलनं आजूबाजूला बघितलं. राक्षस बघितले, पाट्या बघितल्या, एका गच्चीवरून ‘ट्रॅफिक घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ऐकली. मग मान वळवून नवऱ्याकडे बघितलं, हेल्मेटपासून हातमोज्यांपर्यंत, सावकाश. आणि नागपुरात आल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की जे ‘छान आहे’ नव्हतं.

तिनं माइक मागून घेतला.

नाशिकच्या स्वच्छ मराठीत तिनं सांगितलं, की हा परदेशातून परत आलेला नवरा आहे. हा रिकाम्या रस्त्यावरही लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघतो, मागून शिव्या आल्या की त्यांना धन्यवाद म्हणतो. हा पाणीपुरी खायच्या आधी गाडीवाल्याला पाणी कुठलं ते विचारतो, आणि खाल्ल्यावर पुन्हा विचारतो. तिकडं असताना ‘आमच्या नागपुरात’ असं म्हणून जीव खायचा, इकडं आल्यावर ‘आमच्या रॉटरडॅममध्ये’ म्हणून खातो. ह्याला रस्ता विचारायची लाज वाटते आणि रस्ता माहीत नसतो.

पहिल्या वाक्याला लोक हसले. शेवटच्या वाक्याला अख्खी गल्ली एका सुरात ओरडली, फॉरेनरिटर्न नवरा घेऊन जा गे मारबत.

आता सुशीलला कळलं. पळायला वाट नव्हती, पुढं खड्ड्यांचा राक्षस, मागं बिलाचा. त्यात एका गॅलरीत त्याला ऑफिसातले साहेब कृष्णकांत सहकुटुंब उभे दिसले, मोबाइल वर धरून. ओळखू न येण्याचा एकच उपाय त्याला सुचला. तो हलायचा थांबला. मान ताठ, नजर समोर, हात हँडलवर, पाय पायडलवर घट्ट. बॅटरी गाडी नेत राहिली. त्या क्षणापासून सुशील माणूस राहिला नाही.

खोक्यात मात्र सण सुरू झाला होता. लाइन मधेच खोळंबली, तेव्हा ओट्यावर बसलेल्या प्रयागबाई नावाच्या म्हातारीनं मिनलला हात करून थांबवलं आणि विचारलं, तुयावाला असा हाये तर तू कशी नांदतं वं बाई? मिनल म्हणाली, सवय झाली आजी. तर म्हातारी म्हणाली, मायावाला बी असाच होता, सायकल न्हवती एवढंच. दोघी एकमेकींचा हात धरून हसल्या. मग हिमानीकडे बैल नाही हे ऐकून तिनं घरातून नातवाचा जुना लाकडी बैल आणून खोक्यात ठेवला आणि पुढल्या रविवारी जेवायला या म्हणून बजावलं. मामांचं सोडलं तर त्यांना जेवायला बोलावणारं ते नागपुरातलं पहिलं घर.

बडकस चौकात स्टेज होतं. परीक्षकांनी गाडी वरून खालून बघितली आणि मनीषनगर मंडळाला (जे अस्तित्वात नव्हतं) उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर केलं. बाईंचं निवेदन फर्मास, पोरगी गोड, पाटीचा विनोद तर वरच्या दर्जाचा. फक्त एक सूचना होती, आणि ती परीक्षकांनी माइकवरून केली. पुतळ्यात जीव नाही. हातपाय लाकडासारखे आहेत, माणसाचा भास होत नाही, पुढल्या वर्षी त्याच्यावर मेहनत घ्यावी.

सुशीलनं हाही अपमान न हलता गिळला असता. पण स्टेजच्या मागं दोन गडी उभे होते, त्यांचं काम बडगे उतरवून जाळायला न्यायचं. एकानं सुशीलच्या काखेत हात घातला, दुसऱ्यानं पाय धरले, आणि पहिला म्हणाला, “वजनी बनवला बे, आत भुसा भरला का गोटे?”

पुतळा किंचाळला. गडी त्याहून मोठ्यानं किंचाळले आणि त्यांनी त्याला खाली टाकला. पुतळा उठला, आणि हेल्मेट सांभाळत, पोपटी जाकीट फडफडवत महाल भागातल्या गल्ल्यांकडे पळत सुटला. त्या दिवशीच्या सगळ्या मिरवणुकीत सर्वांत मोठी टाळी पडली ती तेव्हा. गाडी मग मिनलनंच चालवत घरी आणली. रस्ता तिनं विचारला. ज्याला विचारला तो थोडा वेळ सोबत चालला.

संध्याकाळी सोसायटीत हिमानीनं बैल मिरवला. सुशील घरात सोफ्यावर पाय वर करून पडला होता, दोन्ही गुडघ्यांना हळद लावून. मिनल आत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, सोमवारची वाट कशाला बघायची, मी पुण्याला आत्ताच ‘नाही’ म्हणून कळवून टाकलं.

सुशील उठून बसला. गुडघे दुखले, पण छाती फुगली. त्यानं जमेल तितक्या सहजपणे विचारलं, की बघ, मी म्हणत होतो ना, नागपूर नीट दाखवलं की आवडतंच. काय आवडलं नेमकं?

“तिकडं इतकी वर्षं मी प्रत्येकाला समजावून सांगत होते, की तुझ्याबरोबर राहणं म्हणजे काय असतं,” मिनल म्हणाली. “कुणाला पटायचंच नाही. सगळे म्हणायचे, किती सज्जन आहेत ते. इथं अख्ख्या गावाला एका नजरेत कळलं. ह्याहून जवळची माणसं मला पुण्यात कुठं मिळणार?”