एका भोंग्यापायी तीन कंप्रेसर कामास आले त्याची हकीकत

श्रीवायुदेव पाठीशी असो, गळती शत्रूचे घरी असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमीचा दिवस. ते दिवशी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव घेत नाही, घेतले तर आम्हांस ग्रीस पाजतील. राज्य चाळीस ट्रकांचे, धनी आण्णासाहेब, त्यांसी सर्व सरकार म्हणत. सरकारांचे मनी आले की आपला थोरला सोळा चाकी ट्रक म्हणजे पट्टहत्ती, त्यास पाच तोंडांचा भोंगा बसवावा आणि चौकात शिरताच सनई वाजावी. मग दिवाण बापू सबनीस यांणी भोंगा आणविला आणि त्याची नळी थेट ब्रेकच्या हवेच्या टाकीस जोडविली, आणि सरकारांनी स्वहस्ते दोरी ओढिली आणि तीन गल्ल्यांतली कुत्री एकदम रडली. दरबार म्हणाला, "वा! काय गळा आहे!"

मग आठ दिवसांत हत्तीस धाप लागली. ट्रकाचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनाच्या कुशीस बसलेला कंप्रेसर भरतो; तो अष्टौप्रहर भरी तरी हवेच्या दाबाचा काटा आठावर जाईना. ड्रायव्हर सटवाजी डोईफोडे कचेरीत येऊन म्हणाले, "बापू, हवा बसंना. रोज घाट उतरतो मी. ब्रेक लागला न्हाई तर सरळ देवाच्या अंगणात पार्किंग."

दिवाण म्हणाले, "कंप्रेसर फितूर झाला. बदला."

मग दस्तगीर मिस्त्रींनी नवा चढविला, गास्केट नवे घातले, आणि तोही पंधरा दिवसांत तापून तेल ओकू लागला आणि टाकीची खालची चावी उघडिता काळे पाणी आले, जैसा तेराव्याचा रस्सा. मग तिसरा आणिला, त्यास लिंबू-मिरची बांधिली, तोही धापा टाकू लागला. मग मिस्त्रींनी साबणाचा फेस केला आणि सांध्यासांध्यास फासला, तो भोंग्याच्या सांध्यापाशी फेस बेडकावाणी फुगला.

"बापू, रोग हितं हाय. कंप्रेसर भरतोय, भोंगा पितोय. सारखं पळवल्यावर कुणाचाबी ऊर फुटंल."

"हळू बोल! सरकारांच्या भोंग्याला गळका म्हणतोस? लिही, कंप्रेसर नादुरुस्त."

"आन् घाटात मरायचं कुणी?"

"ते खातं माझ्याकडे नाही," दिवाण वदले.

हे सटवाजींनी ऐकिले आणि डोकीस टापर बांधून थेट सरकारांपुढे उभे राहिले. "सरकार, घाटाखालची माणसं भोंगा ऐकाया आसुसल्यात. आज आपुण शेजारी बसा, दोरी आपुणच वढा." सरकार फुगले. दिवाणांसही चला म्हणाले, तो दिवाणांस तत्काळ पोटदुखी जाहली.

मग रिकामा ट्रक पहिल्या गिअरात घाटास लागला, आणि सरकार वळणावळणास दोरी ओढीत, आणि काटा सातावरून सहावर, सहावरून पाचावर आला आणि बझर किरकिरला.

"हे काय रे ओरडतंय?"

"हवा सपली म्हंतंय, सरकार. आजून दोनदा वाजवा, म्हंजी फुडची सवारी चार खांद्यांवर."

सरकारांनी दोरी तापल्या तव्यासारखी सोडिली. मग उरली हवाही गळून गेली, आणि हवा पुरती सरली की स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळतात, तैसे ते आवळले आणि हत्ती भर वळणावर बसला, आणि मागून एसटीचा ड्रायव्हर ओरडला, "ओ सनईवाले, वरात फुडं घ्या की!"

सरकार दगडावर बसून घाम पुशीत म्हणाले, "दीड महिना मला कोणी बोललं का नाही?"

"कोण बोलणार? कंप्रेसरला तोंड न्हाई आन् दिवाणाला कणा न्हाई."

मग हुकूम सुटला. मिस्त्रींनी भोंगा उतरविला, टाकीचे भोक बुजविले, तेल जळून कोंदलेली कंप्रेसरची नळी साफ केली आणि मग चौथा कंप्रेसर बसविला. काटा आठावर गेला तो तेथेच मांडी घालून बसला. परंतु भोंगा फेकण्यास सरकारांचे मन होईना. मग तो दुसऱ्या ट्रकास लाविला. त्याचा ड्रायव्हर रडला, तेव्हा सरकार म्हणाले, "त्यात मी कुठं बसतो?"

एवं हकीकत. सांप्रत त्या राज्यात ब्रेकसाठी कोणी ड्रायव्हर अर्ज करीत नाही. घाटाची खेप निघाली की शेजारची गादी झटकतो आणि म्हणतो, "या सरकार, बसा."