अनंताला लाल टॅग

बावीस वर्षं चाकणच्या कंपनीत माल तपासतोय मी! स्क्रूच्या आट्यात केसाएवढी खोट असली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. मग दोन कुंड्यांतून एक अनंत ओळखायला असा कितीसा वेळ लागणार?

झालं असं, की आमच्या चिंचवडच्या सोसायटीला रंग देताना रंगाऱ्यांनी सगळ्या कुंड्या पार्किंगमध्ये नेल्या आणि सरमिसळ करून ठेवली. त्यात आमचा अनंत! सासरे गेल्यावर गावचं घर विकलं, तेव्हा त्यांच्या हातच्या झाडाची एक फांदी आमच्या सौ.ने, स्वरूपाने, आणून इथे जगवली होती. तीन वर्षांत फूल मात्र एक नाही. आता ती सासूबाईंना आणायला साताऱ्याला गेलेली. सोमवारी तिचा फोन आला.

"अहो, आई रविवारी येतेय. बाबांचा अनंत तेवढा नीट ओळखून वर आणा. शेजारी तगर आहे, फसाल!"

"मी? आणि फसेन?"

खाली गेलो. दोन्ही झाडं हिरवीगार, पानं तुकतुकीत. एकावर भरगच्च पांढरी फुलं. दुसऱ्यावर फूल औषधालाही नाही, शेंड्यांना नुसत्या पीळ पडलेल्या हिरव्या गाठी. उघड उघड डिफेक्ट! कंपनीच्या शिरस्त्याप्रमाणे फुलांच्या कुंडीला हिरवा टॅग लावून ती वर आणली, गाठीवालीला लाल. फोटो पाठवला.

"आई, बाबांचा अनंत फुलला गं!" फोनवर स्वरूपाचा आवाज भरून आला. मागे सासूबाई चक्क रडत होत्या. मला तर प्रमोशन मिळाल्यासारखं झालं! फोटोला वास नसतो, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

रविवारी सासूबाई आल्या त्या थेट बाल्कनीत. फूल हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग एक पान तोडलं, तर देठातून पांढरा चीक!

"जावईबापू, ही डबल तगर. अनंताला चीक नसतो. आणि त्याचा वास जिन्यातच यायला हवा होता. दुसऱ्या झाडाला पिळाच्या कळ्या होत्या का?"

"त्या कळ्या होत्या?"

"अनंताची कळी अशीच असते हो, स्क्रूच्या आट्यांसारखी!"

स्वरूपाने कुंडीचा हिरवा टॅग काढून माझ्या हातात ठेवला. ते जास्त लागलं!

धावत खाली गेलो. लाल टॅगची कुंडी गायब! सोसायटीच्या झाडांचं शालनबाई बघतात. पूर्वी त्या आमच्याच कंपनीत पॅकिंगला होत्या. त्यांना गाठून विचारलं.

"ती व्हय? मी घरी न्हेली."

"का पण?"

"लाल म्हंजी रिजेक्ट. रिजेक्ट माल लाईनवर ठिवायचा न्हाई. तुमीच शिकिवलंय न्हवं?"

आम्ही तिघं त्यांच्यामागोमाग गावठाणात गेलो. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. पायरीवर आमची कुंडी, आणि तिच्यात दोन टपोरी फुलं! पार्किंगच्या अंधारातून सकाळच्या उन्हात आल्यावर झाडाने मनावर घेतलं होतं.

सासूबाई पायरीवरच टेकल्या. "ह्यांच्या दारात अस्साच घमघमायचा," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुपचूप कुंडी उचलायला वाकलो.

"थांबा सायेब!" शालनबाईंनी कुंडीवर हात ठेवला. "रिजेक्ट माल परत आत घ्यायचा तर कागद लागतो. कारण लिवायचं, सही करायची. ह्या कागदापायी माझ्या चार पेट्या अडिवल्या व्हत्या तुमी!"

मी आशेने स्वरूपाकडे पाहिलं. तिने पर्समधून पेन काढून दिलं!

लिहिलं: 'माल उत्तम. चूक तपासणाऱ्याची.' खाली सही. स्वतःच्या चुकीवरची, बावीस वर्षांतली पहिलीच.

अनंत आता बाल्कनीत मजेत आहे. पाहुणे आले की स्वरूपा त्यांना आधी फूल दाखवते, आणि मग फ्रिजवर चिकटवलेला तो कागद.