पाध्येकाका आश्वासन देत नाहीत

पाध्येकाकांना मी पहिल्यांदा जो प्रश्न विचारला तो अगदी साधा होता. दुर्गाघाटावर राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता आणि सकाळी नळ कोरडा होता. समोरच्या खिडकीत एक वयस्कर गृहस्थ दाढी करत उभे होते. आमची गल्ली इतकी अरुंद की या खिडकीतून त्या खिडकीत भाजीची वाटी देता येते. मी विचारलं, "काका, तुमच्याकडे पाणी आलं का हो?"

काकांनी वस्तरा खाली केला, घसा साफ केला आणि म्हणाले, "यासंबंधीची माहिती गोळा करण्यात येत असून ती यथावकाश पटलावर ठेवण्यात येईल."

खिडकी बंद झाली. मी बादली घेऊन तशीच उभी. हा माणूस थट्टा करतोय की याला बरं वाटत नाहीये, तेच कळेना. थोड्या वेळाने खिडकी पुन्हा उघडली. अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

"पटलावर ठेवतो," काका म्हणाले. "आलं. पण धार बारीक आहे."

मी साताऱ्याची. आमच्याकडे विचारलं की सांगतात, न विचारताही सांगतात. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी बनारसला आले आणि नेमका असा शेजार मिळाला. पहिले काही महिने मी काकांवर नुसती चिडत होते.

मग हळूहळू खुलासा झाला. काकांचं घराणं ब्रह्माघाटाकडचं, भिक्षुकीचं. पण काका शिकून दिल्लीला गेले आणि एका मंत्रालयात चिकटले. खासदार संसदेत प्रश्न विचारतात ना, त्यांच्या उत्तरांचे मसुदे लिहिणं हे त्यांचं काम. आधी आयात-निर्यात, मग जकात आणि शुल्क, शेवटी निवृत्तिवेतन. सगळी हयात त्यातच गेली. उत्तर खरं असलं पाहिजे, पुरं असलं पाहिजे आणि लागेल त्याहून एक शब्द जास्त नको. प्रश्नाचे (क), (ख), (ग) असे भाग असतात, तसेच उत्तराचेही पाडायचे. काका निवृत्त होऊन काशीला परतले, पण भाग पाडणं काही सुटलं नाही.

भाजीवाल्यापुढेही तेच. "क्या यह सच है," काका परवलाकडे बोट दाखवून सुरू करायचे, "कि (क) कल इसका भाव कम था; (ख) यदि हाँ, तो वृद्धि के क्या कारण हैं; और (ग) इस संबंध में आप क्या कदम उठा रहे हैं?"

"लेवे के हौ त ला चच्चा, नाहीं त रस्ता छोड़ा," भाजीवाला म्हणायचा. काका खूश होऊन माझ्याकडे वळायचे. "बघितलंस सुनबाई? मूळ मुद्द्याला बगल. हा दिल्लीत असता तर सहसचिव झाला असता."

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर मुख्तारभाई यायचे. साड्या विणणारे. रेशमाच्या धाग्याच्या भावाने त्यांचं कंबरडं मोडलेलं. काका दिल्लीत असलंच काही काम करायचे, एवढं त्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी विचारलं, "बाबूजी, धागे पर ड्यूटी कम होई कि नाहीं?"

काकांनी चहाचा मातीचा कुल्हड खाली ठेवला. "आयात शुल्क का निर्धारण सभी पक्षों के हितों को ध्यान में रखते हुए समय-समय पर किया जाता है."

"मतलब कम ना होई."

"मैंने ऐसा नहीं कहा."

"त होई?"

"मैंने यह भी नहीं कहा."

मुख्तारभाईंनी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले. असल्या उत्तराला दुसरं काय करणार!

एका मुलीचं लग्न तर काकांमुळे मोडलंच. स्थळ दिल्लीचं, मुलगा काकांच्या ओळखीतला. मुलीचे वडील मुद्दाम विचारायला आले, मुलगा कसा आहे म्हणून. काका म्हणाले, "मुलाविरुद्ध कोणतीही प्रतिकूल माहिती प्राप्त झालेली नाही." वडील घामाघूम होऊन उठले ते थेट घरी गेले. मुलगा हिऱ्यासारखा होता, हे काका मला नंतर स्वतःच सांगत होते.

"मग तसंच सांगायचं ना त्यांना!" मी ओरडले.

"उद्या नाही निघाला हिऱ्यासारखा, तर?"

काकांच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप म्हणजे आश्वासन. हे मला त्यांनी गच्चीवर समजावलं. माकडांच्या भीतीने आमच्या दोन्ही गच्च्यांवर जाळी आहे, त्यामुळे आम्ही शेजारी आपापल्या पिंजऱ्यात बसून बोलतो. मंत्र्याने सभागृहात नुसतं 'विचाराधीन आहे' म्हटलं, की ते आश्वासन धरलं जातं. त्यावर एक समिती असते. ती ते आश्वासन पुरं होईपर्यंत मागे लागते. सरकार बदललं तरी लागते. म्हणून मसुदा लिहिणाऱ्याने 'बघू', 'करू', 'विचार करू' असे शब्द लेखणीच्या आसपासही येऊ द्यायचे नाहीत.

"तोंडातून आश्वासन गेलं सुनबाई, की अडकलो."

दुसरी एक गंमत त्यांनी सांगितली. मंत्री छापील उत्तर देतो, ते सोपं असतं. खरी परीक्षा नंतरच्या उपप्रश्नांची. ते आयत्या वेळी येतात. मंत्र्याला उत्तर सुचलं नाही की तो हळूच अधिकाऱ्यांच्या सज्जाकडे बघतो. तिथून चिठ्ठी सरकवायची. सज्जात बसणाऱ्याने मात्र तोंड उघडायचं नाही. काका त्या सज्जात वर्षानुवर्षं बसले. देशाच्या संसदेत त्यांची किती वाक्यं बोलली गेली, पण एकही त्यांच्या आवाजात नव्हतं.

माझ्या लक्षात एक गोष्ट यायला फार उशीर लागला. गणपतीच्या आरतीला याल ना, असं विचारलं तर काका म्हणत, "अशा आशयाची विनंती प्राप्त झाली आहे." आणि आरतीला सगळ्यांच्या आधी हजर. माझ्या सासूबाई तापाने फणफणल्या तेव्हा मी म्हटलं, "काका, डॉक्टरांना आणता का?" तर म्हणाले, "उपलब्ध पर्याय तपासले जात आहेत," आणि मी चपला शोधेपर्यंत डॉक्टरांना घेऊन जिना चढत होते. नोव्हेंबरात पेन्शनर लोकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. दुर्गाघाटावरची सगळी म्हातारी माणसं काका एकेक करून बँकेत नेऊन आणतात, पण आधी कुणालाही 'नेतो' असं म्हणत नाहीत. आमच्याकडे लोक 'नक्की येतो हं' म्हणून न येणारे. इथे सगळाच उलटा कारभार.

काकांच्या घरी अक्का आहेत. त्यांच्या मोठ्या बहीण. नवरा शाळामास्तर होता, तो तरुणपणीच गेला. मूलबाळ नाही. आई लवकर गेल्यामुळे केशवला म्हणजे काकांना अक्कांनीच वाढवलेलं. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं, जीभ मात्र शाबूत. दाखल्याच्या दिवशी त्या दरवर्षी म्हणतात, "मी स्वतः सांगते की जिंदा आहे, तरी यांना अंगठा पाहिजे." दर शुक्रवारी काका त्यांना संकठादेवीला नेतात. उतरताना काका एक पायरी पुढे, पाठमोरे, आणि अक्कांचा हात त्यांच्या खांद्यावर. काका कधी मागे वळून बघत नाहीत, पण अक्का थांबल्या की तेही थांबतात.

या शांत घरात यंदा पुण्याचा फोन सुरू झाला. काकांचा मुलगा निखिल तिकडे कंपनीत आहे. चौदाव्या मजल्यावर घर घेतलंय. मुलगा वाईट नाही, उलट फार काळजीचा. दर रविवारी सकाळी व्हिडिओवर तेच. "बाबा, आता तुम्ही एकटे राहू नका. आजारी पडलात तर मी येईपर्यंत कोण आहे? इथे या." मग आवाज जरा खाली. "आत्याला लिफ्टची भीती, इथली धावपळ, दिवसभर बंद घर, तिला नाही जमणार. मी चौकशी केलीय. तिकडेच बनारसमध्ये वृद्ध स्त्रियांसाठी चांगली जागा आहे. स्वच्छ आहे. तिच्या वयाच्या बायका आहेत."

निखिलने आवाज खाली केला तरी अक्कांसाठी म्हणून त्या फोनचा आवाज कायम मोठा ठेवलेला. गल्लीलाही ऐकू जायचं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला अक्का विचारायच्या, "केशव, तू पुण्याला जाणार आहेस का रे?"

आणि काका म्हणायचे, "त्याबाबत अद्याप कोणताही निर्णय झालेला नाही."

मला समोरच्या खिडकीत हे ऐकवेना. एका दुपारी गच्चीवर मी काकांना धारेवरच धरलं. "काका, काय चालवलंय हे? तुम्ही तिला सोडून जाणार नाही, हे त्या खालच्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. मग म्हणा की तसं! एक वाक्य तर आहे!"

काका जाळीतून दिसणाऱ्या गंगेकडे वळले. मग त्यांनी काकूंचं सांगितलं. काकू दिल्लीच्या दवाखान्यात होत्या. त्यांनी विचारलं होतं, "मला घरी नेणार ना?" काका म्हणाले होते, "दिवाळीच्या आत नेतो. नक्की." दिवाळीच्या आधी काकू गेल्या.

"आयुष्यात दिलेलं एकच," काका म्हणाले. "सरकारचं आश्वासन पुरं होण्यासारखं नसेल, तर समितीला तसं कळवता येतं. ते वगळा म्हणून विनंती करता येते. मी कुणाला करू?"

मनात एवढंच आलं की मी या माणसावर काय म्हणून चिडत होते.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. काका दूध आणायला गेले होते. अक्कांनी खिडकीतून हाक मारली, "सुनबाई, मला जरा सडकेपर्यंत सोडतेस का? पुढे मला रिक्शा मिळेल."

मी गेले तर अक्का नेसून तयार. खाटेवर एक कापडी पिशवी. त्यात दोन लुगडी, जपमाळ आणि औषधं.

"कुठे निघालात?"

"निखिलने जागा बघितली आहे ना, तिथे."

"अहो, पण काकांनी तसं कुठे म्हटलंय?"

"तो 'नाही'पण म्हणाला नाही गं. एवढे दिवस विचारते आहे." अक्का पिशवीचे बंद बांधत होत्या, आणि ते बंद काही त्यांच्या हातात येत नव्हते. "त्याला तोंडाने बोलवत नाही. लहानपणापासून असाच आहे. मीच निघते. त्याला मोकळं वाटेल."

मला रडूच आलं. तेवढ्यात काका जिना चढून आले. हातात दूध. त्यांनी पिशवी बघितली, अक्कांकडे बघितलं.

"अक्का," ते म्हणाले, "सदर बाबतीत वस्तुस्थिती अशी की..."

"केशव!" अक्कांचा आवाज एकदम चढला. "हिंदीत सांग, नाहीतर मराठीत सांग. हे तिसरं काय बोलतोस ते मला नाही समजत."

काका थांबले. दूध खाली ठेवलं. सरळ उभे राहिले, दोन्ही हात बाजूला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग आला तो इतका मोठा, की समोर माझ्या सासूबाई खिडकीत आल्या.

"अक्का, मी तुला आश्वासन देतो. तू आहेस तोवर मी हे घर सोडणार नाही. तुला कुठे पाठवणार नाही. नक्की."

अक्का खाटेवर बसल्या. डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण त्या डोकं वर करून म्हणाल्या, "आणि तू माझ्याआधी गेलास, तर?"

उपप्रश्न होता. काकांनी काकूंना शब्द दिला होता आणि काळाने तो मोडला होता. आता तोच काळ अक्कांच्या तोंडून विचारत होता, आणि खोटं तर काका बोलत नाहीत. त्यांनी हळूच मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मी दाराशी भिंतीला टेकून उभी होते, बाजूला, एखाद्या सज्जात उभं राहावं तशी.

माझ्या नवऱ्याची बदली कधीही होऊ शकते. घर भाड्याचं आहे. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं, अगदी स्पष्ट आठवलं. चिठ्ठी लिहायला वेळ नव्हता.

"तर मी आहे ना, अक्का," मी म्हटलं. "मी बघेन तुमचं."

अक्कांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

अक्कांनी मान डोलावली आणि पिशवीतून लुगडी काढायला घेतली. काका दुधाचं भांडं उचलून आत निघाले. माझ्याजवळून जाताना ते थांबले.

"अडकलीस, सुनबाई," ते म्हणाले, आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.