भरल्या टाकीचा बंब

गुरुवारी सकाळी नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रातला फोन वाजला, तेव्हा देवमन बंबाच्या टपावर चढून टाकीत काठी घालून पाणी बघत होता. टाकीला काटा होता, तो बरोबर चालत होता, आणि रात्रीतून टाकीभर पाणी पिऊन जाईल असं केंद्रात कोणी नव्हतं. तरी आठ वर्षं तो रोज सकाळी काठी घालायचा. काठी वरपर्यंत ओली निघाली की मगच चहा प्यायचा. ड्रायव्हर खुशालराव म्हणायचे, "इतकी काळजी लोकं बायकोची घेत नाहीत रे." देवमनला बायको नव्हती, म्हणून तो यावर काही बोलायचा नाही.

फोन खुशालरावांनी उचलला. पलीकडून मनकर्णाबाई ओरडत होती, त्यामुळे फोन नसता तरी चाललं असतं.

"आग लागली भाऊ. धूरच धूर हाय बाप्पा."

"कुठी लागली?"

"आमच्या समोर. मैनाच्या गच्चीवर."

देवमन टपावरून खाली आला. उतरला म्हणण्यापेक्षा पडला म्हणणं खरं. वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की आग कसली, आत माणूस आहे का, गॅसचं सिलिंडर कुठे आहे, हे आधी विचारायचं असतं. नव्या पोरांना हे देवमनच शिकवायचा. आज त्यानं यातलं काही विचारलं नाही. खुशालराव चाव्या शोधेपर्यंत तो गाडीत बसून दार आपटून मोकळा झाला होता.

त्याला कारणही तसंच होतं. वीस वर्षांपूर्वी देवमन फायरमन म्हणून रोजंदारीवर लागला, तेव्हा त्यानं मैनाला मागणी घातली होती. मैनाची ना नव्हती. तिचे वडील महादेवराव मात्र म्हणाले, "आगीत उड्या मारनाऱ्याले पोरगी देऊ, अन उद्या कुंकू पुसून घरी आणू काय? मी तं सावलीतली नोकरी पाहूनच देईन." त्यांनी ती जिनिंग कारखान्यातल्या श्यामला दिली. श्याम कापसाच्या गाड्यांचं वजन लिहायचा, सावलीत बसायचा, आणि माणूसही सोन्यासारखा होता. देवमनला त्याचा रागही धड करता आला नाही. बारा वर्षांनी त्या जिनिंगलाच आग लागली. श्यामनं दोन मजूर बायांना बाहेर काढलं, तिसरीसाठी आत गेला आणि परत आला नाही. त्यानंतर महादेवराव महिनाभर कोणाशी बोलले नाहीत.

श्यामला बाहेर आणलं ते देवमननं, पण तोवर फार उशीर झाला होता. उशीर झाला कारण बंबाची टाकी अर्धीच होती. दहा मिनिटांत पाणी संपलं, गाडी भरायला परत न्यावी लागली, अमरावतीहून मोठी गाडी यायला दीड तास लागला. आणि टाकी अर्धी होती कारण त्याच सकाळी देवमननं अर्धं पाणी एका गल्लीत वाटून टाकलं होतं. दहा दिवस नळ आले नव्हते. ती गल्ली मैनाची होती.

तेव्हापासून तो तिच्याशी नीट बोलू शकला नाही. मैनाचंही तेच. गावात बाई कोणत्याही परक्या पुरुषाला 'भाऊ' म्हणते आणि मोकळी होते. मैनानं देवमनला भाऊ कधी म्हटलं नाही, आणि दुसरं काही म्हणायचा हक्क उरला नव्हता. त्यामुळे रस्त्यात भेट झालीच तर ती हाक न मारता, एकदम मधूनच बोलायला सुरुवात करायची. आता तेही संपणार होतं. तिच्या भावानं, गोवर्धननं, तिला अकोल्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम लावून दिलं होतं. येत्या सोमवारी सकाळी आठच्या गाडीनं ती आणि तिची पोरगी आचल कायमच्या जाणार होत्या. त्याआधी तिला 'जाऊ नको' म्हणायचं, असं ठरवून देवमन पंधरा दिवस रोज तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होता.

आज तो गल्लीत शिरला, पण सायरन वाजवत.

मैनाच्या गच्चीवरून दाट धूर निघत होता. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या काटक्या, ओल्या असल्या की चुलीचा असाच धूर निघतो, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरगंही सांगेल. देवमनला त्या वेळी ते सांगायला जवळ तसं पोरगं नव्हतं.

"आधी वर जाऊन पाय तं खरं," खुशालराव म्हणाले.

"पाणी सोडा."

"अरे पन..."

"खुशालराव, पाणी सोडा म्हनतो ना."

खुशालरावांनी पंप सुरू केला. आठ वर्षं रोज काठी घालून जपलेलं पाणी कठड्यावरून पलीकडे पडायला लागलं. धूर गेला, तरी देवमन थांबला नाही. टाकीच्या तळाशी खडखड झाली तेव्हा त्यानं पाइप खाली केला. मग वरून एक उलटी झालेली काळी छत्री तरंगत खाली आली आणि तिच्यामागून कठड्यावर आचलचा चेहरा दिसला. केसांतून पाणी गळत होतं.

"काका," तिनं विचारलं, "आग कुठी लागली?"

तेवढ्यात खालच्या दारातून हिंगाची डबी हातात घेऊन मैना बाहेर आली. तिनं बंब पाहिला, देवमनला पाहिलं आणि मग घराच्या कोपऱ्यातला गच्चीचा पाइप पाहिला. त्यातून दुधासारखं पांढरं पाणी धो धो वाहत होतं. गल्लीतली दोन कुत्री ते चाटायला आली होती.

गच्चीवर कुरोड्या, म्हणजे कुरडया, होत्या. पहाटेपासून मैनानं गव्हाचा चीक शिजवून चार लुगडी भरून कुरोड्या टाकल्या होत्या, दुसरा घाणा चुलीवर होता, हिंग संपला म्हणून ती खाली आली होती आणि आचल छत्री घेऊन कावळे हाकलत बसली होती. आता चारी लुगड्यांवर नुसता लगदा होता. चूल पोहत होती.

मैना आणि देवमन वर पोचले, तोवर मागून मनकर्णाबाई लगबगीनं जिना चढून आली. "विझली काय माय?"

"आग नोती मावशी," मैना म्हणाली. "तुमच्या दामिनीच्या रुखवताच्या कुरोड्या होत्या."

मनकर्णाबाई मटकन खाली बसली. नातीचं लग्न दहा दिवसांवर होतं. "तू तं उद्या टाकनार होती ना वं? म्या तं धूर पाह्यला." मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि त्यातून गेले पंधरा दिवस तिला सगळीकडे धूरच दिसत होता.

मैना कोणावर चिडली नाही. चिडली असती तर देवमनला बरं वाटलं असतं. तिनं लगदा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "गहू पुन्हा भिजू घाला लागतीन. आज घातले तं सोमवारी पहाटे चीक शिजन."

गहू तीन दिवस भिजतात, मग वाटायचे, रात्रभर चीक बसू द्यायचा. यात घाई चालत नाही. आणि रुखवताच्या कुरोड्या टाकल्याशिवाय मैना गाव सोडणार नव्हती, कारण आठ वर्षं ती शेतात कामाला गेली की आचलला मनकर्णाबाईच सांभाळत होती.

"म्हंजे आठची गाडी गेली," आचल म्हणाली.

"दोनची हाय," मैना म्हणाली.

सहा तास मिळाले होते. देवमनला एकदम बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली.

वर्दीवर गाडी निघाली की अहवाल लिहावा लागतो आणि त्यावर घरमालकाची सही लागते. दुपारी देवमन तो कागद घेऊन मैनाच्या दारात उभा राहिला. मैनानं तो ओसरीवर बसून सावकाश वाचला. आगीचं कारण: आग नव्हती. नुकसान: कुरोड्या. वापरलेलं पाणी: पूर्ण टाकी.

तिचं बोट तिथेच थांबलं. 

"त्या दिवसाच्या कागदावर काय लिवलं होतं?" तिनं विचारलं.

कोणता दिवस, हे देवमनला विचारावं लागलं नाही. "अर्धी टाकी लिवलं होतं. अर्धी कावून, ते नाही लिवलं."  "मैना, म्या तुह्या गल्लीत पानी वाटलं होतं त्या सकाळी. म्या ते देलं नसतं तं..."

"अन मांगलं कोनं होतं?"

देवमननं मान वर केली.

"मी आली होती केंद्रावर," मैना म्हणाली. "आचल तापानं फणफणली होती, घरात घोटभर पानी नोतं. तुमी एक शब्द इचारला नाही, गाडीच काढली. मले मनातून इतकं बरं वाटलं होतं. सारी गल्ली भांडे घेऊन आली, मीच साऱ्यायले बलावलं. अन दुपारी..." तिनं कागद मांडीवर ठेवला. "मी मांगलं नसतं तं, असंच म्हनत आली मी आठ वर्सं. तुमाले पाह्यलं का मले वाटे, यायले समदं माहीत हाय. मनात मलेच बोल लावत असतीन."

"मी? मले तं वाटे तू मले लावतं."

एकच दुःख दोघांनी आठ वर्षं आपापल्या घरात वेगवेगळं सांभाळलं होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण ते दुसऱ्यापासून लपवलं आहे.

"पानी असतं तं वाचले असते काय ते?" तिनं विचारलं.

"मले नाही माहीत," देवमन म्हणाला. "रूईची आग होती. खुशालराव म्हनतात, चार टाक्यायनं भी विझली नसती. मी रोज सोताले इचारतो. रोज वेगळंच उत्तर येते."

मैनानं कागदावर सही केली. मग 'पूर्ण टाकी' या शब्दांकडे पाहता पाहता तिला हसू आलं. "तवा पानी नोतं," ती म्हणाली, "अन आज कुरोड्यायवर पुरी टाकी." हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि मग ते हसणं राहिलं नाही. आचल आतून आली, आईला पाहिलं, काकांना पाहिलं आणि दोघांना पाणी दिलं.

पुढचे तीन दिवस देवमन रोज संध्याकाळी स्वतःच्या घरचं पाणी दोन कॅनमध्ये भरून, सायकलला लटकवून मैनाकडे आणत होता. बंबातल्या पाण्याला त्यानं हात लावला नाही. गव्हाचं पाणी बदलायचं, गहू चिमटीत धरून बघायचे, "फुगले बरोबर" म्हणायचं आणि जायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम होता. केंद्रावर खुशालराव वाट बघत असायचे.

"बोलला काय?"

"गहू भिजून राह्यले अजून."

"गव्हाचं नाही इचारून राह्यलो मी."

सोमवारी पहाटे खुशालरावांनी बंब मैनाच्या दारात आणून उभा केला आणि वहीत 'सराव' असं लिहिलं. वर्दी आलीच तर इथूनच निघता येईल, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गच्चीवर चीक शिजला. मैनानं पहिल्या वाटीत दूध-साखर घालून ती श्यामच्या फोटोपुढे ठेवली, त्याला गरम चीक फार आवडायचा. दुसरी वाटी तिनं देवमनच्या हातात दिली. देवमननं ती उभ्या उभ्या खाल्ली.  मग त्यानं सोऱ्या घेतला आणि नऊ वाजेपर्यंत लुगडी भरून कुरोड्या टाकल्या. खाली ओसरीवर दोन बोचकी आणि एक लोखंडी पेटी बांधून तयार होती.

लाकडं संपली म्हणून देवमन खाली उतरला. खुशालराव बंबाला टेकून उभे होते.

"बोलला?"

"नाही."

"दोनची गाडी हाय तिची."

"माहीत हाय."

"मंग काय बाई अकोल्याले पोचल्यावर पत्र लिवशील?"

देवमन पऱ्हाट्यांची मोळी छातीशी धरून उभा राहिला. "खुशालराव, श्यामले बाहेर म्या आनलं," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याच्या घरात मी कोन्त्या तोंडानं मांगू?"

खुशालरावांनी त्याच्याकडे पाहिलं.  मग ते शांतपणे वळले, पंप सुरू केला, पाइप उलगडला आणि त्याचं अजून बंद असलेलं तोंड गच्चीकडे धरलं.

"हे काय करून राह्यले?"

"तुले बोलाले अजून चार दिवस पाह्यजेत ना? घे. टाकी भरून हाय."

पंपाच्या आवाजानं समोर मनकर्णाबाई खिडकीत आली. काळा चष्मा कपाळावर सरकवून ती ओरडली, "आता धूर नाही रे बाप्पा, म्या फोन नाही केला."

गच्चीच्या कठड्यावरून मैना वाकली. हाताला कोपरापर्यंत चीक लागला होता. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे, पण डोळे ओले होते. ती आधी पाइपाकडे पाहत होती, मग मोळी धरलेल्या माणसाकडे पाहत राहिली.

"खुशालभाऊ," ती म्हणाली, "तो पाइप खाली ठेवा."

खुशालरावांनी ठेवला.

"अन अहो," मैना म्हणाली, "तुमी वर या. चीक थंडा होऊन राह्यला."

गल्लीत तेव्हा दोनच पुरुष होते, आणि त्यातला एक नुकताच भाऊ झाला होता. खुशालरावांनी पंप बंद केला. देवमन मोळी घेऊन जिना चढला. ओसरीवर आचलनं कोणी न सांगता पेटीची दोरी सोडायला घेतली.

"कोनाले म्हने वं ती अहो?" मनकर्णाबाईनं खिडकीतून विचारलं. 

मंगळवारी सकाळी देवमन केंद्रावर आला आणि सरळ चहा प्यायला बसला. काठी कोपऱ्यात तशीच उभी होती. खुशालरावांनी त्याचा कप संपेपर्यंत वाट पाहिली. मग त्यांनी काठी उचलली, गुडघे धरत टपावर चढले आणि टाकीतलं पाणी बघून आले.