खाऱ्या पाण्यातला गोळा

आमचे शेजारी उस्मानचाचा लोखंड चाटून बघतात. माझी नवी विळी त्यांनी माझ्याच ओट्यावर चाटली आणि म्हणाले, "ट्रकना पाटानी शे. चांगली शे." ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीची म्हणे. मी विळी तीनदा धुतली. राग आला, पण बोलले नाही. मी कोणालाच बोलत नाही.

पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला त्यांचं धार लावायचं दुकान आहे. ऊसतोडीचे कोयते तिथेच येतात. चाकावर लोखंड टेकवायचं, ठिणगी बघायची आणि ते कुठलं ते सांगायचं, हा त्यांचा नाद. "ठिणगीले खोटं बोलता येत नही," हे दिवसातून दहा वेळा. चाची गेल्यापासून ऐकायला मीच. तव्यावरची भाकर करपली तरी यांचं चालूच.

एकदा मोलगीकडच्या एका माणसाने नांगराला लागलेला काळा, जड गोळा आणला. याचा विळा घडवून द्या म्हणाला. चाचांनी गोळा चाकाला लावला, मग उलटून पुन्हा लावला. लोहचुंबक चिकटत होता, पण ठिणगी ओळखीची नव्हती. त्यांनी त्या माणसाला दुकानातला नवा विळा दिला आणि गोळा ठेवून घेतला.

"हाई लोखंड आठलं नही, बेटी." इथलं नाही, तर मग कुठलं?

मग माझं लोणच्याचं मीठ गेलं. गंजतो का बघायला पंधरा दिवस गोळा माझ्याच पातेल्यात, खाऱ्या पाण्यात. सगळा गंजला. घासलेल्या बाजूवर मात्र केसासारख्या पांढऱ्या रेघा तशाच चकाकत राहिल्या. सुईने टोचलं तर रेघ वाकली नाही, कण तुटला.

कॉलेजातले एक सर कात्रीला धार लावायला आले होते. गोळा बघून हसले. भट्टीतला कचरा म्हणाले. चाचांना कधी नव्हे तो संताप आला. "भट्टीना कचरामा भोकं ऱ्हातस. यामा एक दखाडा."

सरांनी तुकडा नेला. दोन महिन्यांनी धावतच आले. मशीनने सांगितलं होतं, पांढरी रेघ म्हणजे श्रायबरसाइट. आभाळातून पडलेल्या दगडांत सापडणारं दुर्मीळ खनिज, जमिनीत जवळजवळ मिळतच नाही. त्या दिवशी सर दोन तास बसले आणि चाचा ठिणग्यांवर बोलत राहिले. चहा तीन वेळा झाला. परत येतो म्हणून सर गेले.

आणि मग पेपरात बातमी. सरांचा फोटो, सरांचं नाव, सरांचा शोध. चाचांचं नाव कुठेच नाही. खारं पाणी नाही, सुई नाही. माझं पातेलं तर नाहीच. मी तशीच पेपर घेऊन दुकानात गेले. चाचांना कॉलेजात भांडायला पाठवायचं, नाही गेले तर आपण जायचं, असं ठरवूनच.

चाचांना वाचता येत नाही. मी चौथीपर्यंतची, अक्षर अक्षर लावत वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. आता चिडतील म्हणून मी थांबले.

"सर परत येतीन असं लिखेल शे का?" त्यांनी विचारलं.

बातमी तर संपली होती. खाली खताची जाहिरात होती. मी जाहिरातीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "सर लवकरच पुन्हा दुकानात येणार आहेत."

चाचा उठले आणि दुसरी खुर्ची पुसू लागले.