सामासिक अंतर

मराठीत लिहिलेला कागद आणि तो साहेबराव सरांना कळला नाही, असं आजवर झालं नव्हतं. हे म्हणणं सरांचंच होतं, आणि नागुबाई ते लग्न झाल्यापासून ऐकत आल्या होत्या. सर हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. गल्लीत कुणाला कोर्टाचं समन्स आलं, वीजबोर्डाचा कागद आला, की तो माणूस सरांच्या ओट्यावर यायचा. सर चष्मा पुसायचे, कागद मनातल्या मनात वाचायचे आणि असा काही अर्थ सांगायचे की माणूस समाधानानं जायचा. तो अर्थ बरोबर निघाला का, हे सांगायला परत कुणी येत नसे. सर यालाच आपल्या अचूकपणाचा पुरावा मानायचे.

नागुबाई सरकारी दवाखान्यात सिस्टर. घर त्यांच्या नावावर, आणि घराची काळजीही त्यांच्याच डोक्यावर. लातूर जिल्हा झाला तशा गावात कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेब, कारकून, शिपाई आले, आणि त्यांना राहायला खोल्या मिळेनात. ज्याच्याकडे दोन खोल्या होत्या त्यानं तिसरी काढली. ज्याला माडी चढवायची ऐपत नव्हती त्यानं निदान जिना तरी बांधून ठेवला. नागुबाईंनीही भाडेकरूच्या आशेनं वर एक खोली काढली.

आणि नेमकी त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. विहिरी तळाला गेल्या, नळाला नुसती हवा यायला लागली. नागुबाईंनी घर आणि कंपाउंड यांच्यामधल्या पट्टीत एक हौद बांधला आणि ऊन लागू नये म्हणून वर पत्रा टाकला. टँकर त्या हौदात रिकामा व्हायचा आणि सगळी गल्ली तिथून पाणी भरायची. सर रोज सकाळी खुर्ची टाकून हौदाशेजारी बसायचे. कुणाला पाणी कमी पडू नये, भांडण होऊ नये, एवढंच त्यांचं काम. पण ते काम ते हेडमास्तरच्या ऐटीत करायचे.

उन्हाळा तापला आणि नगरपालिकेची नोटीस आली. तशीच शेजारच्या ईश्वरप्पालाही आली. ईश्वरप्पाचं किराणा दुकान, आणि त्यानंही आपल्या बाजूच्या पट्टीत तेलाचे डबे ठेवायला पत्रा मारलेला. तो नोटीस घेऊन आला.

"शरणार्थ, सर."

"जयभीम. बसा."

सरांनी चष्मा पुसला. नोटिशीत लिहिलं होतं, की मालमत्ताधारकाने सामासिक अंतरात विनापरवाना बांधकाम केले आहे, अनुज्ञेय चटई क्षेत्राचे उल्लंघन केले आहे, आणि भोगवटा प्रमाणपत्र न घेता इमारतीचा वापर सुरू केला आहे. सबब विहित मुदतीत पूर्तता करावी, अन्यथा बांधकाम पाडण्यात येईल.

"पाडण्यात येईल" एवढं ईश्वरप्पाला स्वतःचं स्वतःला कळलं होतं. बाकीच्यासाठी तो सरांकडे बघत राहिला.

"सामासिक हा शब्द कशावरून आला?" सरांनी विचारलं.

"आमाला काय म्हाईत सर. आमी चौथी."

"समासावरून. आणि समास म्हणजे काय? दोन शब्दांमधलं अंतर काढून टाकायचं आणि त्यांचा एक शब्द करायचा. राजाचा वाडा, राजवाडा. मध्ये काही मोकळं राहिलं का?"

"न्हाई."

"मग सामासिक अंतर म्हणजे जोडून टाकायचं अंतर. तुमच्या आमच्या घरामधली जागा आपण मोकळी सोडली. वर नुसता पत्रा टाकून अर्धवट काहीतरी केलं. ही त्यांची तक्रार आहे."

ईश्वरप्पानं कपाळावरचा घाम पुसला. "म्हंजी जागा मोकळी सोडल्याबद्दल नोटीस हाय?"

"तसंच."

नागुबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना राहवलं नाही. "अहो, अंतरात बांधकाम केलं असं लिहून राहिले की ते. केलं ही तक्रार हाय, न्हाई केलं ही न्हाई."

"विनापरवाना केलं ही तक्रार आहे. आणि पूर्तता करा म्हणतात. पूर्तता म्हणजे पुरं करणं. अर्धवट सोडणं नव्हे."

नागुबाईंना दुसऱ्या दिवशी चाकूरला कुटुंबनियोजनाच्या पंधरा दिवसांच्या शिबिराला जायचं होतं. पिशवी भरता भरता त्यांनी बजावलं, "मी येईपर्यंत कशालाच हात लावू नका. नगरपालिकेत जा, तिथल्या ओव्हरशिअरला विचारा, आणि गप घरी या."

"विचारतो," सर म्हणाले.

सर खरंच गेले. फाटकापर्यंत गेले. आत रांग होती. उन्हात उभं राहून मराठी शब्दाचा अर्थ नगरपालिकेच्या माणसाला विचारायचा, या विचारानंच त्यांना कसंसं झालं. ते परत फिरले आणि येताना भीमा मिस्त्रीला घेऊन आले.

शिबिर संपवून नागुबाई एसटीतून उतरल्या, रिक्षानं गल्लीत आल्या आणि आपलं घर ओळखू न येऊन पुढे गेल्या. रिक्षावाल्याला परत वळवावं लागलं. त्यांचं घर आणि ईश्वरप्पाचं घर, दोन्ही मिळून एक झालं होतं. मधली पट्टी पुढून मागून भिंतींनी बंद. वर स्लॅब. हौद त्या स्लॅबखाली, अंधारात. पुढच्या भिंतीला रेशन दुकानासारखी एक लहान खिडकी ठेवलेली, आणि त्या खिडकीत गल्लीतल्या पार्वतीबाईची घागर अडकलेली. पार्वतीबाई बाहेरून ओढत होती. ईश्वरप्पाची बायको गौरम्मा आतून ढकलत होती. मागं बायकांची रांग थेट कोपऱ्यापर्यंत.

सर स्लॅबवर उभे होते. हातात झारी.

"काय करून राहिलाव वर?" नागुबाईंनी विचारलं.

"पाणी मारतोय. नवा स्लॅब आहे. ओला ठेवला नाही तर तडा जाईल."

रांगेतल्या बायका नागुबाईंकडे बघायला लागल्या. त्या बघण्यात सगळं होतं. टँकर एक दिवसाआड यायचा. माणसं अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत होती. आणि सरांच्या झारीतून पाणी सिमेंटवर सांडत होतं.

"हौदातलं हाय का ते?"

"आधी हौदातलं होतं," सर जरा खाली आवाजात म्हणाले. "गल्लीनं हरकत घेतली. आता भांड्याचं हाय."

त्या दिवसापासून नागुबाईंच्या घरी भांडी घासलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, तांदळाचं पाणी, सगळं जिन्यानं वर जायला लागलं. ड्युटीवरून थकून आलेल्या नागुबाई एका हातात बादली आणि एका हातात पदर धरून जिना चढायच्या, आणि दर पायरीला नवऱ्याच्या व्याकरणाला काहीतरी बोलायच्या. पण स्लॅबला तडा गेला तर खाली हौद होता. तेव्हा चढणंही सुटत नव्हतं.

पाहणीचा दिवस ठरला. सरांनी आदल्या दिवशी गल्लीत फिरून सांगितलं, "कुणाच्या गच्चीवर चटई दिसता कामा नये. चटई क्षेत्राचं उल्लंघन लावतील."

"चटई टाकायला बी परवानगी लागती का सर?" गौरम्मानं विचारलं. तिच्या गच्चीवर चटयांवर कुरडया वाळत होत्या, वर्षभराच्या.

"किती टाकायची यावर मर्यादा आहे. तुमची मर्यादा ओलांडलेली दिसते."

गौरम्मानं बिचारीनं ओल्या कुरडया धोतरावर काढून अंगणातल्या बाजेवर पसरल्या आणि चटया पलंगाखाली लपवल्या. दुष्काळाचे दिवस. हिरवं पान कुठं दिसत नव्हतं. कुणाच्या तरी दोन शेळ्या अंगणात शिरल्या, आणि गौरम्मा आत चहा ठेवून येईपर्यंत कुरडया संपल्या होत्या. धोतराचाही एक कोपरा गेला होता.

ओव्हरशिअर आला. शेषेराव नाव, हदगावकडचा, तरुण, उन्हानं करपलेला. त्यानं गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं, नोटिशीची प्रत बघितली, घराकडे बघितलं, पुन्हा प्रत बघितली.

"घर हेच ना?"

"हेच," सर म्हणाले. "पूर्तता केली आहे."

"कसली पूर्तता?"

"सामासिक अंतराची. जोडून टाकलं."

शेषेराव तिथंच कट्ट्यावर बसला. म्हणाला, "सर, सामासिक अंतर म्हणजे घराच्या बाजूनं मोकळी सोडायची जागा. हवा यायला, आग लागली तर बंब जायला. वहीला समास सोडतो ना आपण कडेला, तसा."

सरांचा चेहरा उतरला. वहीचा समास. शाळेतल्या पोरांना त्यांनी जन्मभर तो आखायला लावला होता, आखला नाही तर छडी दिली होती.

"आणि चटई?" गौरम्मा पुढं आली.

"चटई क्षेत्र म्हणजे सगळ्या मजल्यांचं बांधकाम मिळून किती जागा झाली त्याचं माप. वरची खोली धरून. चटईचा काही संबंध नाही, अक्का."

गौरम्मानं सरांकडे बघितलं. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं सरांना कोरा चहासुद्धा विचारला नाही.

सरांनी शेवटचा प्रयत्न म्हणून घरातून सातबारा आणला. "भोगवट्याचं मात्र आमच्याकडे आहे. हे बघा, भोगवटादार, नागुबाई साहेबराव."

"ते जमिनीचं झालं. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे घर बांधून झालं, ते राहायला योग्य आहे, असा नगरपालिकेचा दाखला. तो घेतल्याशिवाय राहायचं नसतं."

"म्हंजी आम्ही इतकी वर्षं राहून राहिलो ते?" नागुबाईंनी विचारलं.

"राहायचं नव्हतं."

"बाळंतपणं झाली माझी या घरात."

"ते ठीक आहे, सिस्टर," शेषेराव कसनुसा म्हणाला. "दाखला देता येईल. वरच्या खोलीचंही नियमित करून घेता येईल, अर्ज करा. पण हे मधलं पाडावं लागेल."

सर एकदम पुढं झाले. "हौद पाडू देणार नाही."

"हौद कोण म्हणतंय? पाण्याचा हौद जमिनीलगत असेल, उघडा असेल, तर आमची हरकत नाही. आमची हरकत वरच्या पत्र्याला होती. चार नटबोल्ट काढले असते की झालं होतं. पत्रा कुठंय?"

"भंगारात दिला," ईश्वरप्पा म्हणाला.

शेषेरावनं पाणी मागितलं. पार्वतीबाईनं खिडकीतून हात घालून तांब्या भरून दिला.

संध्याकाळी नागुबाईंनी ठरवलं होतं, आज बोलून घ्यायचं. सगळं बोलून घ्यायचं. पण सर हौदाजवळ, त्या अंधाऱ्या पट्टीत, पाण्यात हात घालून बसले होते.

"विचारायला गेलते ना तुम्ही? का न्हाई विचारलं?"

"वाटलं, विचारलं तर ते हौदच पाड म्हणतील." सर पाण्याकडे बघतच बोलले. "आमच्या गावात पाणी वरून वाढायचे, नागू. आम्ही खाली ओंजळ धरायची. इथं सगळी गल्ली माझ्या हौदावर येती. 'सर, भरू का' म्हणती. नोटीस वाचली आन् मला दुसरं काही दिसलंच न्हाई. मग जो अर्थ सोयीचा, तो काढला."

नागुबाई हौदाच्या काठाला टेकल्या. "उद्यापास्नं पाडायला लागू," एवढंच त्या म्हणाल्या. "मी रजा टाकते."

पाडणं बांधण्यापेक्षा अवघड निघालं. भांड्याचं, भाजीचं, तांदळाचं पाणी पिऊन तो स्लॅब असा काही घट्ट झाला होता की घणाचा घाव बसला की घण उडायचा आणि मारणाराच मागं सरकायचा. भीमा मिस्त्री म्हणाला, "माझ्या हातनं आजवर असला स्लॅब झाला न्हाई," आणि त्याच्या आवाजात पश्चात्तापापेक्षा अभिमान जास्त होता. ईश्वरप्पा दुकान बंद करून आला. हौदावर गोणपाट आणि ताडपत्री टाकून, पाण्यात खडा पडू न देता, सगळ्यांनी मिळून ते तोडलं. सरांच्या हाताला फोड आले. नागुबाईंनी त्यावर दवाखान्यातलं मलम लावलं, जरा जोरातच.

शेवटी पट्टी मोकळी झाली. हौदावर ऊन पडलं. टँकर आला, बायका आल्या, आणि पार्वतीबाईची घागर कुठं न अडकता आत गेली, बाहेर आली. विटा, सळया, स्लॅबचे तुकडे, सगळं दारापुढं रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलं होतं. उचलायला बैलगाडी मिळत नव्हती. बैलं चारा-छावणीवर गेली होती.

शेषेराव पुन्हा आला. टेप धरून पट्टी मोजली, मान हलवली. हौदाला हरकत नाही असं लिहून दिलं. मग निघता निघता त्यानं तो ढीग बघितला आणि खिशातून दुसरा कागद काढला. "नाइलाज आहे, सर," म्हणाला, आणि सरांच्या हातात देऊन सायकलवर बसून गेला.

सरांनी चष्मा पुसला. कागद वाचला. सार्वजनिक रस्त्यावर राडारोडा टाकून रहदारीस अडथळा निर्माण केल्याबाबत, अशी सुरुवात होती. गल्लीतली माणसं सवयीनं सरांच्या तोंडाकडे बघायला लागली. सरांनी कागद नागुबाईंपुढं धरला.

"नागू, ह्याचा अर्थ काय असंल गं?"

लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं. नागुबाईंनी तो कागद घेतलाही नाही. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि नवऱ्याच्या हातात घमेलं दिलं.

"अर्थ राहू द्या. उचला."